व्हिडिओकाकांना विचारा : पाच गोष्टी आणि एक सांगणारा

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ओघात लिहून गेलो, की मला सगळ्यात आवडणारे भयपट म्हणजे जुन्या अमेरिकन चित्रकथांवरून निघालेले, एकाच सिनेमात चार-पाच गोष्टी असलेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाई म्हणाल्या, या वेळची सगळी पानं त्यालाच द्या. देतो. आषाढ चालू आहे, दुपारी चारलाच काळोख होतो, लाईट कालपासून येऊन-जाऊन आहे. विषयाला हवा बरी आहे.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की 1986 ते 2003 मी वेंगुर्ल्यात व्हिडिओ लायब्ररी चालवली. सिनेमाचं शिक्षण काउंटरमागच्या स्टुलावर झालं. इंग्रजी त्याच स्टुलावर, अर्धंमुर्धं.

व्हिडिओकाका, चित्रकथा म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे चांदोबातला वेताळ येतो. तुमच्या या अमेरिकन चित्रकथा कुठल्या?
— निवृत्त शिक्षिका, देवगड

बाई, तुम्ही प्रश्नातच अर्धं उत्तर देऊन ठेवलंत. वेताळाकडे येतोच, आधी अमेरिका आटपू.

न्यूयॉर्कला ईसी नावाची एक छोटी कंपनी होती. मालक मॅक्स गेन्स बायबलमधल्या गोष्टी चित्रांतून छापायचा. ईसीतला 'ई' म्हणजे एज्युकेशनल, इतका सोज्वळ कारभार. 1947 साली तो मोटरबोटीच्या अपघातात गेला आणि कंपनी पोराच्या, विल्यमच्या गळ्यात पडली. विल्यमला व्हायचं होतं रसायनशास्त्राचा मास्तर. त्याने 'ई' तसाच ठेवून एज्युकेशनलचं एन्टरटेनिंग केलं, अल फेल्डस्टीन नावाच्या चित्रकार-लेखकाला हाताशी धरलं आणि 1950 साली भयकथांची तीन मासिकं काढली: 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर'. किंमत दहा सेंट. क्रिप्ट म्हणजे चर्चखालचं थडग्यांचं तळघर.

गोष्टी सात-आठ पानांच्या. साचा ठरलेला. एक माणूस कुणाचा तरी घात करतो, पैसे किंवा बाई किंवा घर मिळवतो, सुटलो असं समजून हातपाय पसरतो, आणि शेवटच्या पानावर मेलेला माणूस आपलं येणं वसूल करायला दारात उभा राहतो. त्यातला ग्रॅहम इंगल्स नावाचा चित्रकार 'घास्टली' अशी सही करायचा. त्याची प्रेतं पाहिलीत तर आषाढात मातीच्या भिंतीवरून ओल उतरते तसं त्यांचं मांस उतरतं.

पण मासिकं चालली ती सांगणाऱ्यांवर, असं माझं मत आहे. प्रत्येक मासिकाला आपापला सांगणारा होता: क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि एक ओल्ड विच, म्हणजे म्हातारी चेटकीण. ही मंडळी गोष्टीच्या आधी येऊन वाचकाची टर उडवायची, शेवटी प्रेतावर कोट्या करायची, आणि मधूनच एकमेकांच्या मासिकाची निंदा करायची. थेट वाडीतल्या तीन म्हाताऱ्या.

आता तुमचा वेताळ. चांदोबात शंकर यांनी काढलेलं ते चित्र आठवा: उपसलेली तलवार, खांद्यावर पांढरं प्रेत, मागे ते झाड. वेताळ गोष्ट सांगतो, राजाचं मौन मोडतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. मेलेल्याने जिवंताला गोष्टी सांगायच्या, गोष्टी संपल्या तरी सांगणारा संपायचा नाही. क्रिप्ट-कीपर आणि वेताळ एकाच गावचे. फरक असलाच तर वेताळ शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो. क्रिप्ट-कीपर विचारत नाही, कारण त्याच्या गोष्टीत निकाल लागून अंमलबजावणीही झालेली असते.

(इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत फँटमलाही, म्हणजे मुखवटा आणि पिस्तूलवाल्या त्या जंगलातल्या नायकालाही, 'वेताळ' म्हणत. आमच्याकडे पोरांचा त्यामुळे फार गोंधळ व्हायचा. आरवलीचा वेतोबा, म्हणजे देव झालेला वेताळ, गावाची राखण करत रात्री फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. त्या झिजतात असं आमची आजी सांगायची. माझ्या धाकट्या भावाने तिला विचारलं होतं, की मग देवाकडे पिस्तूल का नाही.)

माझा अकरा वर्षांचा मुलगा मोबाईलवर असल्या भुताच्या गोष्टी बघतो. सासूबाई म्हणतात डोकं बिघडेल. खरंच बिघडतं का?
— गृहिणी, सावंतवाडी (नाव छापू नये)

ताई, तुमच्या सासूबाईंचाच प्रश्न 1954 साली अमेरिकेच्या सिनेटला पडला होता.

फ्रेडरिक वर्दम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्या वर्षी पुस्तक काढलं, की पोरं गुन्हेगार होतात त्याला चित्रकथा जबाबदार. सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कला सुनावणी घेतली आणि आपले विल्यम गेन्स स्वतःहून साक्षीला गेले. सिनेटर केफॉव्हर यांनी ईसीच्याच एका मासिकाचं मुखपृष्ठ वर धरलं. माणसाच्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं डोकं. हे सुरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाले, हो, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. डोकं आणखी वर धरून त्यातून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर ती वाईट अभिरुची. कोर्टात कमी बोलावं हे आमच्या कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं, कारण घरात एक तरी दावा चालू असतो. गेन्सना कुणी सांगितलं नसावं.

त्याच वर्षी प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. नावात 'हॉरर', 'टेरर' हे शब्द नकोत, चालती प्रेतं नकोत, रक्तपिपासू नकोत. ईसीची भयमासिकं बंद पडली. वाचलं ते त्यांचं विनोदी 'मॅड', आणि ते पुढे गेन्सना भरपूर पुरलं. वर्दमसाहेबांची कागदपत्रं पुढे अभ्यासकांना खुली झाली तेव्हा उघड झालं, की मुलांची बोलणी त्यांनी सोयीने कापली-जोडली होती.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची गंमत याहून मोठी. 1954 च्याच सप्टेंबरात तिथल्या एका दफनभूमीत शेकडो पोरं काठ्या-सुऱ्या घेऊन शिरली. सात फुटांचा, लोखंडी दातांचा रक्तपिपासू दोन मुलांना खाऊन गेलाय म्हणे, त्याला शोधायला. खापर अमेरिकन चित्रकथांवर फुटलं. लोखंडी दातांचा तसा राक्षस कुठल्या चित्रकथेत आहे ते तेव्हा कुणी दाखवू शकलं नाही. बायबलात मात्र आहे, दानिएलच्या पुस्तकात! तरी 1955 साली ब्रिटनने कायदा केला, आणि 1956 साली आपणही केला. गंमत नाही सांगत. यंग पर्सन्स हार्मफुल पब्लिकेशन्स अ‍ॅक्ट, वीस वर्षांखालच्यांना बिघडवणाऱ्या चित्रांच्या गोष्टी छापण्या-विकण्याविरुद्ध. मी सतरा वर्षं लायब्ररी चालवली, मला कुणी या कायद्याबद्दल सांगितलं नाही. रॅकवर ठेवायच्या चित्रकथा मागवल्या होत्या, पण पहिल्याच पावसात त्यांना बुरशी लागली. सरकारचं काम पावसाने केलं.

तुमच्या मुलाचं. डोकं बिघडत नाही, झोप बिघडते. माझा मुलगा त्याच वयाचा असताना दुकानातली एक कॅसेट चोरून एकटा बघायला बसला आणि पुढचे पंधरा दिवस न्हाणीघरात जाताना मला दाराबाहेर गाणं म्हणायला लावायचा. तेच तो आधी आजीच्या मांडीवर बसून हडळीच्या, मुंजाच्या गोष्टी ऐकायचा आणि तिथेच झोपायचा. मोबाईलवर तो एकटा आहे, एवढीच मला काळजी वाटते. शेजारी बसा. सासूबाईंनाच बसवा, त्यांच्याकडे जास्त चांगल्या गोष्टी असतील. आणि खाली ज्या सिनेमांची नावं येतील ते अकरा वर्षांच्या मुलासाठी नाहीत, हेही स्वच्छ सांगतो. 1989 ते 1996 चाललेली 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' ही मालिका तर मुळीच नाही, तो खिदळणारा सांगाडा कितीही खेळण्यासारखा दिसला तरी.

सुरुवात कुठून करू? यादी बघूनच डोकं गरगरतं.
— बँक कर्मचारी, दापोली

1972 चा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'. यादी फाडून टाका.

चित्रकथा अमेरिकेच्या, पण हा सिनेमा इंग्लंडचा. अमिकस नावाची कंपनी, मिल्टन सबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या दोन अमेरिकनांची. सबॉट्स्कीला 1945 चा 'डेड ऑफ नाईट' अतिशय आवडायचा. त्यातही पाहुणे एका घरात जमून एकेक गोष्ट सांगतात. त्या नमुन्यावर त्याने 1965 पासून गोष्टींच्या माळा काढायला सुरुवात केली. यात व्यवहारही होता. मोठ्या नटाला दोन महिने अडकवायला पैसे लागतात. गोष्ट वीस मिनिटांची असली की चार दिवसांत त्याचं काम उरकतं. पोस्टरवर मात्र सगळ्यांची नावं मोठी. दशावतारी कंपनीच्या मालकाला हा हिशेब लगेच कळेल.

पाच माणसं पुरातन तळघरं बघायला जातात, वाट चुकतात, आणि एका दगडी खोलीत झगा घातलेला एक गृहस्थ त्यांना तुम्ही काय करणार आहात ते दाखवतो. हा क्रिप्ट-कीपर राल्फ रिचर्डसनने केलाय. चित्रकथेतल्यासारखा खिदळत नाही. शिरस्तेदारासारखा थंड. मला आधी राग आला होता, आता आवडतो.

ही कॅसेट माझ्याकडे आली 1988 च्या गणपतीच्या तोंडावर. कव्हर नाही, कॉपीची कॉपी, वर बॉलपेनने 'इंग्लिश भूत 5 गोष्टी'. त्या काळी आमच्याकडे गणपतीत रात्र जागवायला वाडीत व्हिडिओ लावत. दीडशे रुपयांत रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, शिवाय चालवायला मी. एका वाडीत दोन हिंदी सिनेमे संपले, पहाटेचे तीन वाजले, आणि पोरांनी ही लावायला लावली. पहिल्या पाच मिनिटांत बायका उठायला लागल्या, इंग्रजी कुणाला कळेना. तेव्हा मी टीव्हीशेजारी उभा राहून मालवणीतून सांगायला लागलो.

पहिली गोष्ट नाताळच्या आदल्या रात्रीची: नटी जोन कॉलिन्स नवऱ्याचा खून करते आणि नेमका तेव्हाच घराबाहेर सांताक्लॉजच्या वेशातला खुनी वेडा घिरट्या घालतोय. पोलिसांना बोलवावं तर घरात प्रेत, न बोलवावं तर दारात वेडा. मी म्हटलं, "आता हिणा करूचा काय?" पन्नास माणसं एकदम म्हणाली, "मगे?" हा 'मगे' ऐकला आणि मला सूर सापडला.

कोट्या करायला लागलो. माणसं मरायच्या आधी थांबून चहा मागितला. एका गोष्टीत तीन इच्छा पुऱ्या करणारी मूर्ती आहे, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या माकडाच्या पंजाच्या गोष्टीवरून घेतलेली. बायको मेलेल्या नवऱ्याला कायमचं जिवंत कर म्हणते, पण त्याच्या अंगात तोवर प्रेत टिकवायचं औषध भरलेलं असतं. तो जिवंत होतो तो आतून जळत. हे औषध मराठीत कसं सांगायचं मला सुचेना. मी म्हटलं, त्याला मसाला भरलाय. मागून एक आजी: "मेलेल्याक मसालो लावतत?" त्यावर जे हसणं सुटलं ते शेजारच्या वाडीत ऐकू गेलं. पुढचे अनेक महिने मी बाजारात दिसलो की लोक विचारायचे, "काय रे, मालवणी मसालो काय?"

पण या मूर्तीच्या गोष्टीच्या आधी नट पीटर कुशिंग येऊन गेला होता. ग्रिम्सडाईक नावाचा म्हातारा सफाई कामगार, बायको मेलेली, तिच्याशी घरात एकटाच बोलतो. कुत्री पाळतो, गल्लीतल्या पोरांना मोडकी खेळणी दुरुस्त करून देतो. समोरच्या श्रीमंत बापलेकांना त्याचं घर डोळ्यांत खुपतं. ते अंगावर हात टाकत नाहीत. त्याची कुत्री न्यायला लावतात, नोकरी घालवतात, पोरांच्या आयांचे कान भरतात, आणि शेवटी व्हॅलेंटाईनच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांच्या नावाने त्याला घाणेरड्या कविता पाठवतात. म्हातारा एकेक कार्ड वाचतो. कुशिंगची खरी बायको, हेलन, 1971 च्या जानेवारीत गेली होती. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण त्या चेहऱ्यापुढे मला कोटी सुचेना. मी सांगायचा थांबलो. कुणी 'मगे' म्हटलं नाही. मसाल्याची आजीच म्हणाली, "ह्यो म्हातारो आमच्याच वाडीतलो." मी मान खाली घातली, कारण तो म्हातारा कोण आणि त्याची कलमं कुणी तोडली ते तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तोडणारेही बसले होते.

म्हातारा गळफास घेतो आणि वर्षाने थडग्यातून उठतो तेव्हा कुणी किंचाळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या सिनेमांत आपल्या देशाचं काही आहे का?
— अलिबाग

आहे, 1973 च्या 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर'मध्ये. कर्ट युर्गेन्स जादूगार, बायकोसह भारतात नव्या करामती शोधत फिरतोय. एका मुलीची दोरीची जादू बघतो, ती विकत देत नाही म्हणून तिला मारून दोरी पळवतो. दोरी मग काय करते ते सांगत नाही. भारत स्टुडिओतला आहे हे पहिल्या मिनिटाला कळतं. पण मला ही गोष्ट गोड वाटते, कारण बाहेरून येऊन हसतमुखाने भाव पाडणारा आणि नाही म्हटल्यावर ओरबाडून नेणारा तो माणूस किनाऱ्यावरच्या जमीनमालकांनी ओळखीचा म्हणून बघावा. बाकी सिनेमा आधीच्यापेक्षा फिका.

तुम्ही स्वतः भूत पाहिलंय का? खरं सांगा.
— नववीतला वाचक, कणकवली

नाही. आवाज ऐकलाय. रात्री दोनला बंद दुकानात व्हीसीआर आपोआप चालू झाला. आत पाल होती.

'क्रीपशो'मध्ये माणसाला किनाऱ्यावर गळ्यापर्यंत पुरून भरतीची वाट बघायला लावतात. आमचं घर समुद्राला लागून आहे. असं खरंच होऊ शकतं का, की सिनेमातली थाप?
— गुहागर

होऊ शकतं. मी पुरला गेलोय, कमरेपर्यंत.

आधी सिनेमा सांगतो, सगळ्यांनी पाहिला नसेल. 1982 चा 'क्रीपशो', दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, लेखक स्टीफन किंग. दोघेही ईसीची मासिकं वाचून वाढलेले. सिनेमाबरोबर निघालेल्या चित्रकथेच्या मुखपृष्ठाचं चित्र ईसीच्याच जॅक केमनकडून काढून घेतलं. यातल्या गोष्टी ईसीच्या नाहीत, किंगच्या आहेत, पण चित्रकथेची चौकट, पान उलटणं, घाबरलेल्या माणसामागे अचानक लाल-निळा उजेड, हे सगळं पडद्यावर आणलंय. तुम्ही म्हणता त्या गोष्टीत लेस्ली निल्सन आहे, पुढे विनोदी सिनेमांत धुमाकूळ घातला तोच. बायकोच्या प्रियकराला बंदुकीच्या धाकाने वाळूत गळ्यापर्यंत पुरतो आणि समोर टीव्ही, व्हीसीआर मांडतो, तीही तशीच दुसरीकडे पुरलेली आहे हे त्याला दिसावं म्हणून.

पहिल्यांदा पाहताना माझा जीव त्या माणसात नव्हता, टीव्हीत होता. वाळूवर व्हीसीआर! आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बंद कपाटातल्या मशीनचं हेड गंजायचं, मी आत चाळीसचा बल्ब पेटता ठेवायचो, आणि हा माणूस लाटांच्या तोंडी मशीन मांडून बसलाय. दुसऱ्यांदा पाहताना पाण्याकडे लक्ष गेलं.

भरतीचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा बरा येत असणार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला 6, द्वादशीला 9, गावागणिक थोडं मागेपुढे. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त. पण पाणी या सहा तासांत सारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम, तिसऱ्या-चौथ्या तासात सपाट्याने, शेवटी पुन्हा हळू. म्हणून अर्ध्या किनाऱ्यावर पुरलेल्या माणसाला बराच वेळ काही होत नाही. पाणी दिसतं, आवाज येतो, फेस पायरीपायरीने जवळ येतो आणि परत जातो. मग अर्ध्या तासात सगळं होतं. रोमेरोने ही चाल बरोबर पकडलीय. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लवकर, भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत कदाचित पाणी तिथवर येणारही नाही. निल्सनने पंचांग पाहिलं असणार.

माझं असं झालं. आठ-नऊ वर्षांचा असेन. रापणीची माणसं जाळं ओढायला जमायच्या आधी आम्ही पोरं ओल्या वाळूत खड्डा खणत होतो. मला त्यात उभा केला, वाळू लोटली, पायांनी चोपली. गंमत संपल्यावर मी निघायला गेलो तर निघेना. ओली वाळू घट्ट बसते. एक पाय ओढावा तर खालून कुणीतरी धरल्यासारखं वाटतं, आणि जितकी ओढाताण तितकी ती आणखी बसते. मित्र आधी हसले, मग ओढायला लागले, मग पळाले. मदत आणायला पळाले असं ते अजून म्हणतात. पाणी छातीशी आलं तेव्हा एक रापणकर आला. त्याने मला ओढलं नाही. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माझ्या पायांभोवतीची वाळू पाण्यात ढवळून सैल केली आणि भाजीची जुडी उपटावी तसा वर काढला. एक थोबाडीत दिली. मग म्हणाला, "घराक सांगा नको, मियां पण सांगूचंय नाय." त्याने शब्द पाळला, मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तेव्हा घरची पोरं वाळूत खड्डे खणून खेळत असतील तर गुडघ्याच्या वर वाळू येऊ देऊ नका, कोरड्या वाळूत खेळू द्या. सिनेमाचा शेवट सांगत नाही. एवढंच, की ज्याने भरतीचा हिशेब दुसऱ्यासाठी मांडला, त्याला शेवटी तोच हिशेब सोडवावा लागतो. ईसीत असंच असायचं.

आम्ही पाच मित्र मोबाईलवर कोकणातल्या भुतांचा असा पाच गोष्टींचा सिनेमा करतोय: मुंजा, हडळ, गिऱ्हा, चकवा, ब्रह्मसमंध. काही सुचवाल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी

भुतांची यादी केलीत, माणसांची कुठे आहे?

ईसीच्या गोष्टीत भूत शेवटच्या दोन पानांत येतं. आधीची पाच-सहा पानं माणूस काय करतो त्यात जातात. तुम्ही उलट करताय. गिऱ्हा पाण्यात ओढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो कुणाला ओढतो ते सांगा. आपल्याकडे कमी मसाला आहे का? (पुन्हा मसाला!) सातबाऱ्यावर तेवीस नावं आणि त्यातल्या एकाने मुंबईतल्या बहिणीची सही केलेली. म्हातारीला पडवीत टाकून ओटी-माजघर होमस्टेला दिलेलं. देवराईतलं झाड रात्रीत तोडून सकाळी वाऱ्याने पडलं म्हणून सांगणारा. यातला एकेक घ्या, भूत आपोआप पत्ता शोधत येईल.

दुसरं, पाच गोष्टींना बांधणारी दोरी. तुमच्या पत्रात ती नाही. 'डरना मना है' हा 2003 चा हिंदी सिनेमा बघा: गाडी बंद पडलेली मित्रमंडळी जंगलात शेकोटीभोवती गोष्टी सांगतात. गोष्टी बऱ्यावाईट आहेत, पण दर गोष्टीनंतर शेकोटीकडे परत यायची ओढ लागते. अमिकसच्या 1965 च्या सिनेमात आगगाडीचा डबा होता, पाच प्रवासी आणि पत्ते पिसणारा एक सहावा. तुमच्याकडे याहून चांगलं काही रोज संध्याकाळी स्टँडवरून सुटतं. वस्तीची एस.टी. शेवटच्या गावी मुक्कामाला जाणारी, पाच उतारू, बाहेर पाऊस, काच लागत नाही. आणि कंडक्टर! तिकीट फाडताना तो विचारतो, "कुठे?" आणि उतारू गावाचं नाव सांगतो त्याच्या आधीच तो तिकीट पंच करतो. मला ही कल्पना इतकी आवडलीय की तुम्ही केली नाहीत तर मला वाईट वाटेल.

कंडक्टरला विनोदी करा. जरूर करा. अलीकडच्या बऱ्याच गोष्टी-माळांतून सांगणारा काढून टाकतात, पोरकट वाटतो म्हणून, आणि मग पाच निरनिराळ्या घरांत पाच वेळा घाबरून प्रेक्षक दमतो. रात्री पडवीत गजाली रंगतात तेव्हा सांगणारा मध्येच तंबाखू मळतो ना, तेवढी उसंत लागते.

उजेडासाठी जिलेटिनचे कागद आणा, लाल आणि निळा, नाटकवाल्यांकडे मिळतात. रोमेरोने करोडोंचं काही केलेलं नाही. माणूस खरा घाबरला की त्याच क्षणी रंग बदला, बाकी वेळ साधा पिवळा बल्ब. आणि चकव्याची गोष्ट दिवसा, भर उन्हात, कातळावर चित्रित करा. सड्यावर दुपारी एकला सावली नसते, खूण नसते, सगळीकडे सारखा जांभा. रात्रीपेक्षा ते भयंकर आहे.

गेल्या अंकात तुम्ही 'क्रीपशो'त चार गोष्टी असल्याचं लिहिलंत. पाच आहेत. तपासून लिहीत जा.
— मूळ मालवण, सध्या डोंबिवली

मान्य. पाच आहेत. चूक माझी, पण तिच्यामागे एक भानगड आहे.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मी प्रत्येक कॅसेटची मोडायचो. 'क्रीपशो'ची राहिली. एका गिऱ्हाइकाने ती नेली, त्याच आठवड्यात त्याच्या घरी लग्न होतं, मुंबईहून कॅमेरावाला पाहुणा आला होता, आणि कोरी कॅसेट कमी पडली. त्यांनी माझ्या कॅसेटच्या शेवटच्या वीसेक मिनिटांवर मंगलाष्टकं उतरवून घेतली आणि काही न बोलता परत आणून दिली. मी त्याआधी ती शेवटपर्यंत पाहिलीच नव्हती. त्यामुळे बरीच वर्षं माझ्या समजुतीने 'क्रीपशो' चौथ्या गोष्टीशी संपत होता: ती राक्षसाची लाकडी पेटी खाणीतल्या पाण्यात बुडते, बुडबुडे येतात, आणि अचानक हळद लागलेली एक मुलगी हातात हार घेऊन उभी. गिऱ्हाइकं कॅसेट परत करताना विचारायची, ती शेवटची नवरी कोण? मी सांगायचो, बघा, तेच तर त्याचं रहस्य आहे.

पाचवी गोष्ट मी पुढे भाच्याच्या लॅपटॉपवर पाहिली. पांढऱ्याशुभ्र घरात कोंडून बसलेला एक खडूस श्रीमंत आणि फटीफटीतून येणारी झुरळं. चांगली आहे. पण मधे पेटी बुडाली तेव्हा मी सवयीने अक्षता टाकायला हात वर केला, आणि भाचा माझ्याकडे बघत राहिला.